हिरवे पाणी व पांढरी पूड

निर्णा परिसरातील आमच्या एका वस्तीजवळ एक जुनी दगडी विहीर आहे. मराठी बोलणारे तिला बारव म्हणतात, कानडी बोलणारे बावी म्हणतात, तर दखनी बोलणारी मंडळी बावडी म्हणतात. बिदर-कलबुर्गी सीमेवरच्या गावांत एकाच पाण्याला अशी तीन-तीन नावे असणे नवलाचे नाही. परंतु गेली काही वर्षे या विहिरीला चौथेच नाव पडले होते, ते म्हणजे ‘हिरवी’. नळाचे पाणी दारात आले, कूपनलिका झाल्या, आणि ज्या विहिरीने तीन पिढ्यांना पाजले व पोहायला शिकविले तिच्याकडे कोणी फिरकेनासे झाले. काठावर पिंपळाची रोपे उगवली, पायऱ्यांवर बुळबुळीत शेवाळ चढले, आणि पाणी इतके दाट हिरवे झाले की वरून टाकलेला खडा हातभर खाली गेला की दिसेनासा होई.

तिकडे आमचे लक्ष कशाने गेले, ते आधी सांगितले पाहिजे. उन्हाळ्याच्या सुटीत मुले पोहल्याशिवाय राहत नाहीत. पूर्वी याच विहिरीत वडीलधारी माणसे काठावर बसत, मुलाच्या पाठीला वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याचे लाकूड बांधीत आणि कमरेला दोर लावून त्याला पाण्यात सोडीत. आठ-दहा दिवसांत मूल हातपाय मारू लागे, महिनाभरात मुटके मारू लागे. विहीर सडली तशी मुले गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीतील साठलेल्या पाण्यावर जाऊ लागली. तिथे ना पायरी, ना काठ, ना कोणी वडीलधारे. एका दुपारी एक मुलगा बुडता बुडता वाचला. शेळ्या राखणाऱ्या एका माणसाने त्याला केसाला धरून वर ओढले. त्या रविवारी मिस्सा संपल्यावर त्याची आई आम्हांपाशी आली. “फादर, खाणीवर जाऊ नको म्हणून त्याला सांगते, पण मग पोहायला कुठे जा म्हणून सांगू?” असे तिने विचारले. या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते, आणि म्हणूनच आम्ही विहिरीकडे वळलो.

आमची पहिली चूक

येथे आम्ही आमचा एक अडाणीपणा प्रांजळपणे सांगतो, कारण तो पुष्कळांच्या हातून घडतो. पाणी घाण झाले की टीसीएल पूड टाकावी, एवढे सर्वांना ठाऊक असते. आम्ही कोठारात दोन वर्षे पडून असलेल्या पोत्यातून दोन किलो पूड काढली आणि भर दुपारी, बारा वाजता, ती कोरडीच विहिरीत ओतली. पाण्यावर पांढरी साय तरंगली, थोडा उग्र वास आला, पोरांनी टाळ्या वाजविल्या. सकाळी पाहतो तो पाणी किंचित गढूळलेले, पण हिरवेच. चौथ्या दिवशी ते पूर्वीइतकेच हिरवे! एक म्हातारे गृहस्थ हसून म्हणाले, “फादर, चिखलाला चुना लावला तुम्ही.” बोलणे खोचक होते, पण खरे होते. आम्ही एकदम चार चुका केल्या होत्या. पूड शिळी होती, वेळ उन्हाची होती, पद्धत चुकली होती, आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे गाळ तसाच होता.

पाणी हिरवे का होते?

पाण्यातील हिरवेपणा म्हणजे शेवाळ. त्यातील सूक्ष्म वनस्पती डोळ्यांना एकेकट्या दिसतही नाहीत. त्यांना तीन गोष्टी लागतात: सूर्यप्रकाश, साचलेले पाणी आणि खत. हे खत कोठून येते? पावसाच्या लोंढ्याबरोबर शेतातील युरिया, गोठ्याचे शेण, झाडांचा कुजलेला पाला हे सर्व विहिरीत उतरते. त्यातील नत्र व स्फुरद पिकाला जसे मानवतात तसेच शेवाळालाही मानवतात. उपसा चालू असताना विहिरीत नवे पाणी सतत झिरपत असते, तेव्हा शेवाळाला फारशी सवड मिळत नाही. उपसा थांबला की त्याचे राज्य सुरू होते.

हिरव्या पाण्याने प्रत्येक वेळी रोग होतोच असे नाही. आणि उलटपक्षी काचेसारखे निवळ पाणी निर्मळ असतेच असेही नाही. आपल्या आज्या घागरीच्या आतून निवळीचे बी घासून पाणी स्थिर करीत, अथवा तुरटी फिरवीत. गाळ खाली बसे, पाणी निवळ होई. पण पटकीचे जंतू त्या निवळ पाण्यातही राहू शकत. सन १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने कलकत्त्यात पटकीच्या जंतूंचा शोध घेतला, तेव्हा ते त्याला वस्तीतील एका तळ्याच्या पाण्यात सापडले. लोक त्याच तळ्यात धुणे धूत आणि तेच पाणी पीत. तेव्हा रंग पाहून पाण्याची परीक्षा करू नये.

असे असले तरी पोहण्याच्या पाण्यात हिरवेपणा घातकच, आणि त्याचे कारण रोगापेक्षाही साधे आहे. हिरव्या पाण्यात तळ दिसत नाही. एखादे मूल खाली गेले तर काठावर उभ्या असलेल्या बापालाही ते दिसणार नाही. शहरांतील जलतरण तलावांवर तळ स्पष्ट दिसला पाहिजे असा दंडक असतो, तो शोभेसाठी नव्हे.

पांढऱ्या पुडीची करामत

क्लोरीन हा हिरवट-पिवळा, उग्र वासाचा वायू. सन १७७४ मध्ये शील नावाच्या शास्त्रज्ञाने तो प्रथम वेगळा केला. पुढे १७९९ मध्ये चार्ल्स टेनंट याने विझवलेल्या चुन्यात हा वायू मुरवून कापड पांढरे करण्याची पूड बनविली, तीच आपली ब्लीचिंग पावडर. शंभर वर्षे तिचा मुख्य उपयोग गिरण्यांत होता. सन १८९७ मध्ये इंग्लंडमधील मेडस्टोन या गावी विषमज्वराची साथ आली तेव्हा नळांच्या शुद्धीसाठी ती वापरली गेली, आणि १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी शहराच्या पाण्यात क्लोरीन कायमचे मिसळणे सुरू झाले. आपल्या देशात त्याआधी हँकिन नावाच्या शास्त्रज्ञाने विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा प्रघात पाडला होता. त्याने पाणी जांभळट-गुलाबी होई, आणि लोक त्याला लाल औषध म्हणत.

ही पूड पाण्यात पडली की तिच्यातून हायपोक्लोरस आम्ल तयार होते, आणि ते जंतूंना व शेवाळाला मारते. पण त्याचा स्वभाव असा की वाटेत जी घाण भेटेल तिच्याशीच ते आधी झुंजते. कुजका पाला, गाळ, शेण, मूत्र या सर्वांची भूक भागल्यावर जे उरेल तेच जंतूंच्या वाट्याला येते. या उरलेल्या भागाला मुक्त क्लोरीन म्हणतात, आणि खरा हिशेब त्याचाच. आमची दोन किलो पूड गाळानेच गिळली.

याखेरीज आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. पहिली, ऊन. भर उन्हात उघड्या पाण्यातील मुक्त क्लोरीन तासाभराच्या आतच निम्म्याहून कमी होते. म्हणून पूड सूर्यास्तानंतर टाकावी, म्हणजे तिला सबंध रात्र मिळते. दुसरी, पाण्याचा सामू. माती-परीक्षणामुळे हा शब्द शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. सामू ७.५ च्या आसपास असेल तर सुमारे निम्मे क्लोरीन खऱ्या मारक रूपात असते, सामू ८.५ झाला की जेमतेम दहावा हिस्सा उरतो. म्हणून पोहण्याच्या तलावांत सामू ७.२ ते ७.८ ठेवतात.

आधी झाडू, मग औषध

दुसऱ्या खेपेस आम्ही वैशाखापर्यंत थांबलो. त्या दिवसांत पाणी तळाला गेलेले असते. इंजिन काठावरच ठेवून पाणी उपसले. इंजिन विहिरीच्या आत उतरवून चालविणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण होय, कारण त्याच्या धुराने माणसे क्षणात बेशुद्ध पडतात. बंद पडलेल्या विहिरीच्या तळाशीही वाईट वायू साचलेला असतो. प्रथम कंदील सोडून पाहिला. तो विझला तर कोणीही उतरू नये. परंतु तो जळत राहिला म्हणजे सर्व ठीक, असेही मानू नये. माणूस उतरला तो कमरेला दोर बांधून, आणि दोर धरायला वर दोघे होते. आतला माणूस पडला तर त्याच्यामागे उडी घालणारा दुसराही मरतो. अशी दुःखद वृत्ते दरसाल वाचावयास मिळतात.

गाळ निघाला तो ट्रॉल्या भरभरून. त्यात घागरी, फुटके पोहरे, एक सबंध रहाटाचे चाक आणि असंख्य प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या. गाळ शेतकऱ्यांनी आनंदाने नेला. पिंपळाची रोपे मुळासकट काढली, कारण त्यांची मुळे दगडी सांधे उकलतात. पायऱ्या काथ्याने घासल्या. काठाभोवती फूटभर उंच ओटा व उताराची नाली केली, म्हणजे पावसाचा लोंढा आत येणार नाही. हे सर्व झाले तेव्हा पूड अद्याप हातातही घेतली नव्हती. पण निम्म्याहून अधिक काम झाले होते.

मापाचा हिशेब

झऱ्यांनी विहीर पुन्हा भरली तेव्हा आम्ही शाळेतील मुलांना हिशेबाला बसविले. विहीर गोल, व्यास ६ मीटर, पाण्याची खोली ४ मीटर. व्यासाचा वर्ग ३६, त्याला ३.१४ ने गुणून ४ ने भागले, मग खोलीने गुणले. आले सुमारे ११३ घनमीटर, म्हणजे १,१३,००० लिटर. स्वच्छ विहिरीला नेहमीचे माप १००० लिटरला २.५ ग्रॅम चांगली पूड, म्हणजे आमच्या विहिरीला अवघी २८० ग्रॅम. परंतु सडलेल्या पाण्याच्या पहिल्या शुद्धीसाठी हे पुरत नाही. तेव्हा दहा लाख भाग पाण्यात १० भाग क्लोरीन, असे भारी माप धरले. ताज्या पुडीत सुमारे एक-तृतीयांश क्लोरीन असते. आम्ही शेकडा ३० धरले, आणि उत्तर आले पावणेचार किलो. पूड उघडी, ओलसर वा उष्ण जागी राहिली तर तिचे बळ निम्म्यावर येते, आणि मग हाच हिशेब साडेसात किलोवर जातो. म्हणून पूड ताजी आणावी, आणि झाकण घट्ट लावून कोरड्या, अंधाऱ्या, थंड जागी ठेवावी. धातूच्या डब्यात ठेवू नये; डबा गंजतो.

संध्याकाळी पूड विरघळविली ती अशी. प्लॅस्टिकच्या बादलीत एका वेळी शंभर ग्रॅमपेक्षा अधिक न घेता प्रथम थोड्या पाण्यात तिची लापशी केली, मग बादली पाऊण भरेतो पाणी घालून ढवळली व दहा मिनिटे स्थिर ठेवली. चुना खाली बसला. वरचे स्वच्छ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घेतले आणि चुन्याचा साका लांब खड्ड्यात पुरला. तो विहिरीत टाकला तर पाणी जड होते. मग ती बादली दोराने पाण्यात खोलवर सोडून वर-खाली, डावी-उजवीकडे हलविली. असे अडतीस वेळा झाले! तरुण मंडळी आळीपाळीने दोर धरीत होती आणि म्हातारे मोजीत होते.

सकाळी आरोग्य कार्यकर्तीने आपली पेटी आणली. महाराष्ट्रातील गावांतून जिला ओटी चाचणी म्हणतात तीच ही. नळीत पाणी घेऊन थेंब टाकले की पाणी पिवळे होते. जितका गडद पिवळा तितका क्लोरीन अधिक. पहिल्या सकाळी रंग अगदी फिका आला. शेवाळाने आपला हिस्सा घेतला होता. हिरवा रंग मात्र जाऊन पाणी राखाडी झाले होते, कारण मेलेले शेवाळ राखेसारखे तरंगते. ते जाळीने काढले, उरलेले तळाशी बसू दिले, आणि दोन दिवसांनी पुन्हा तितकेच माप दिले. या वेळी सकाळी रंग गडद आला. मग आम्ही वाट पाहत राहिलो. पोहण्यासाठी दहा लाख भागांत १ ते ३ भाग मुक्त क्लोरीन पुरे. त्याहून अधिक असताना डोळे चुरचुरतात व कातडी खाजते. चौथ्या दिवशी आकडा खाली आला आणि विहिरीचा तळ दिसला. खालचा एक दगड फुटका आहे, हे गावाला कित्येक वर्षांनी कळले.

सावधगिरी

ही पूड म्हणजे औषध आहे, तसेच विषही. फरशी धुण्याच्या आम्लाशी तिचा संयोग झाला तर क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो प्राणघातक ठरतो. खत, रॉकेल, तेल यांच्याजवळही ती ठेवू नये. हाताळताना तोंडावर फडके बांधावे, वाऱ्याकडे पाठ करावी, आणि विहिरीत माणूस असताना पूड मुळीच टाकू नये. विहिरीत मासे असतील तर आधी ते काढून घ्यावे. या मापात ते जगत नाहीत.

आणि सर्वांत महत्त्वाचे: पोहण्याची विहीर वेगळी व पिण्याची वेगळी असावी. आमच्या भागातील वृद्धांना नारू आठवत असेल. पायातून हात-दीड हात लांबीचा पांढरा किडा निघे आणि तो काडीला गुंडाळीत दिवसेंदिवस बाहेर ओढावा लागे. रोगी बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय घाली, किड्याची पिले पाण्यात पसरत, सायक्लोप्स नावाचा सूक्ष्म जलजीव ती गिळी, आणि ते पाणी पिणाऱ्यास वर्षभराने नारू होई. सन १९८४ मध्ये देशात सुमारे ४०,००० रोगी होते. महाराष्ट्र व कर्नाटक ही दोन्ही राज्ये त्या यादीत होती. त्यावर कोणतीही लस नव्हती. पाणी फडक्याने गाळून पिणे, पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त करणे, कूपनलिका खणणे आणि पाण्यात औषध टाकणे, एवढ्यावर हा रोग हटला. शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला, आणि २००० साली भारत नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. विहिरीशी नीट वागणे म्हणजे काय, याचे यापेक्षा मोठे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

ज्यांच्या घरची पिण्याची विहीर लहान आहे त्यांच्यासाठी नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने दोन मडक्यांची युक्ती सांगितली आहे. आतल्या लहान मडक्यात १ किलो पूड व २ किलो जाड वाळू यांचे ओलसर मिश्रण भरावे, त्या मडक्याला वरच्या बाजूस एक लहान छिद्र ठेवावे. ते मडके दुसऱ्या, तळाशी छिद्र असलेल्या मोठ्या मडक्यात ठेवून तोंड बांधावे आणि पाण्याखाली निदान मीटरभर लोंबते सोडावे. सुमारे ४५०० लिटरच्या विहिरीला त्यातून दोन-तीन आठवडे क्लोरीन मिळत राहते.

राखणे हेच अवघड

बिदर ही पंधराव्या शतकात बहामनी सुलतानांची राजधानी झाली. त्या काळात येथे खडकाच्या पोटातून भुयारे खणून पाणी नेले गेले. जांभ्या दगडातून झिरपलेले पाणी खालच्या काळ्या खडकावर अडते, हे ओळखणाऱ्यांची ती विद्या. नौबादचे ते करेझ, ज्याला लोक सुरंग बावी म्हणतात, शतकानुशतके गाळाने बुजत गेले. सन २०१४-१५ च्या सुमारास ते उकरून साफ करण्याचे काम झाले. २०१६ च्या दुष्काळात, ज्या वर्षी शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले, त्याच वर्षी बिदर जिल्ह्यात जिल्हाधिकारी अनुराग तिवारी यांच्या पुढाकाराने अनेक तळी व जुन्या विहिरी गाळमुक्त झाल्या. खणणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. बुजविणाऱ्यांची तर नाहीच नाहीत, कारण बुजविण्यासाठी कोणास काही करावेच लागत नाही. नुसते दुर्लक्ष पुरते.

म्हणून आमच्या वस्तीने आता वार वाटून घेतले आहेत. आठवड्यातून दोनदा सूर्यास्तानंतर नेहमीचे माप, सकाळी ओटी चाचणी, पंधरवड्याला पायऱ्यांची घासणी. वहीत तारीख, माप व सही. ज्या घराची पाळी चुकेल त्या घरची मुले त्या आठवड्यात पाण्यात उतरणार नाहीत, असा नियम मुलांनीच केला; आणि तो आम्ही केलेल्या कोणत्याही नियमापेक्षा अधिक कडकपणे पाळला जातो.

गेल्या वैशाखात ती आई पुन्हा भेटली. तिचा मुलगा आता पाठीला भोपळा न बांधता आडवी विहीर पार करतो. ती काठावर बसली होती, शेजारी दोर गुंडाळून ठेवलेला, नजर पाण्यावर. आम्ही म्हटले, “आता तर त्याला पोहता येते, मग दोर कशाला?” ती म्हणाली, “तळ दिसतो फादर, म्हणून बसता तरी येते.”

वाचकहो, आपल्याही गावात एखादी हिरवी विहीर असेल. ती बुजवून टाकण्याचा ठराव करण्यापूर्वी एकदा दोर व मापाची पट्टी घेऊन तिच्याकडे जावे. व्यास मोजावा, खोली मोजावी, आणि घरी येऊन मुलांकडून हिशेब करून घ्यावा. सुरुवात तेवढ्यानेच होते.